दुभाष्याला वगळून

प्रिय चिवटे,

हे अक्षर कुणाचं म्हणून पाकीट उलटंपालटं करत बसू नकोस. अक्षर खिडकीचं आहे. खिडकी म्हणजे आमच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीत बसते ती. तिला चांगलं नाव आहे, पण सगळ्या जगाला ती काचेमागूनच दिसते, म्हणून मी तिला खिडकी म्हणते, आणि आता तीही हाक मारली की वळते. तिची जेवणाची सुट्टी आहे. डबा बाजूला सारून बसली आहे आणि मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं तिने कबूल केलंय. तरी मधूनच पेन थांबवून म्हणते, आजी, हे नको लिहायला. तेही लिही म्हटलं. तू लहानपणी मला अक्षरं शिकवायला बसायचीस आणि मी मुद्दाम वही उलटी धरून तुला रडकुंडीला आणायचे. आता बघ, स्वतःच्या नातीशी चार शब्द बोलायचे तर दुसऱ्या बाईचा डबा गार करावा लागतो.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू मला बोलू देतेस का? फोन उचलला की तुझं 'आजी, ऐक' सुरू होतं ते 'चल, ठेवते' पर्यंत. त्यातून तुझा बाबा फोन स्पीकरवर लावून समोर बसतो आणि माझ्या वतीने उत्तरं देतो. आजीचं कसं चाललंय, तर उत्तम. आजी जेवते का, तर उत्तम. मी तिथेच बसलेली असते, तोंडात दात असलेली. एकदा मी म्हटलं, अरे, माझ्या जिभेला काय झालंय? तर म्हणाला, आई, तू विषय लांबवतेस. बरोबर आहे. मी लांबवते. म्हणूनच हे पत्र. यात मला कुणी थांबवू शकत नाही, फक्त खिडकीची सुट्टी संपली तर.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर तू अधूनमधून वाचशील. सोमवारच्या मीटिंगमध्ये तू उभी राहणार आहेस आणि सगळ्या साहेबांसमोर सांगणार आहेस की तुझी ती थेट क्वेरी, म्हणजे हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरला विचारायचा तो प्रश्न, चुकीची आहे, ती काढून टाका, आणि जुन्या पद्धतीनेच चालू द्या. हे तू मला परवा सांगितलंस, आणि ज्या आवाजात सांगितलंस तो मला अजिबात आवडला नाही. तू हरलीस की दंगा करतेस, वस्तू आपटतेस, ते मला चालतं. परवा तू शांत होतीस. तसं करू नकोस. सोमवारच्या आधी हे पूर्ण वाच. खिडकीचा भाऊ तुझ्या शहरात कामाला निघालाय, त्याच्याच हाती देते आहे, म्हणजे पोचलं नाही हे कारण चालणार नाही.

तुला वाटतं, तुझं ते काम मला कळत नाही आणि मी नुसती हं हं करते. हं हं करते हे खरं. तूच म्हणालीस ना, आजी, तू काही बोलू नकोस, फक्त ऐक, दुसऱ्याला समजावून सांगताना माझी चूक मलाच सापडते. तुझ्या ऑफिसातले लोक म्हणे त्यासाठी टेबलावर रबराचं बदक ठेवतात. माझी बढती बघ कुठे झाली, बदकाच्या जागी. पण बदकाला कान नसतात, मला आहेत. इतके दिवस तेच तेच ऐकून मला सगळं पाठ झालंय. खोटं वाटत असेल तर घे.

तू ज्याचं काम करतेस त्या आमच्या हॉस्पिटलची सगळी माहिती एका डेटाबेसात असते. त्याची भाषा वेगळी आणि तुझ्या प्रोग्रॅमची वेगळी, म्हणून मध्ये एक दुभाष्या बसवलेला असतो. तू त्याला काहीतरी इंग्रजी अक्षरांचं नाव सांगितलं होतंस, मला दुभाष्याच बरा वाटतो. प्रोग्रॅमने काही मागितलं की हा आत जातो, टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, धुंडाळतो, तुकडे जोडतो आणि अख्खा माणूस बनवून बाहेर आणतो. माणसांचं तू एक घराणंच मांडलंयस. वर एक आई-क्लास, म्हणजे सगळ्यांचा मूळ साचा, तिचं नाव व्यक्ती. तिच्याकडे नाव, पत्ता, वय, फोन. तिच्या खाली तीन लेकी: कर्मचारी, स्वयंसेवक आणि रुग्ण. आईचं सगळं लेकींना आपोआप मिळतं, वर प्रत्येकीचं स्वतःचं थोडं वेगळं. याला तू वारसा म्हणालीस. कुणी मेल्याशिवाय वारसा मिळणारं हे मी पाहिलेलं पहिलंच घर. आईचं एक टेबल, प्रत्येक लेकीचं एक. आणि नियम असा की माणूस एकाच लेकीच्या घरात राहतो. झालं का बरोबर? बदक बोललं.

आता यात तुझ्या दुभाष्याचा दोष काय, ते तुझ्यापेक्षा मी जास्त सोसलंय. तू ते आकड्यांत बघतेस, मी बाकावरून बघते. सकाळी नोंदणीची रांग दारापर्यंत जायची. खिडकी एक नाव विचारायची, बटण दाबायची आणि पडद्यावर ते गोल गोल फिरत राहायचं. दुभाष्या आत गेलाय. एका माणसाला शोधायला तो सगळ्या लेकींची कपाटं उघडून बसायचा. रांगेत कुणाचं पोर तापाने फणफणलेलं, कुणाचा हात फडक्यात गुंडाळलेला, आणि खिडकी बिचारी पडद्याकडे बघत म्हणायची, एक मिनिट हं. लोक मला येऊन विचारायचे, तुम्ही इथल्या ना, जरा सांगा की त्यांना. मी निळा एप्रन घालते म्हणून त्यांना वाटतं मी कुणीतरी आहे. मी काय सांगणार? माझं काम ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसायचं. ज्याचं माणूस आत गेलंय त्याच्या शेजारी बसायचं आणि फारसं बोलायचं नाही. बोलणाऱ्या बाईला हे काम कुणी दिलं कोण जाणे. पण जमलं. सगळे मला बाकावरची आजी म्हणतात. वाचता येत नाही म्हणून कधी अडलं नाही, जमिनीवर रंगांच्या पट्ट्या आहेत. हिरवी धरली की एक्स-रे, पिवळी धरली की रक्ततपासणी, लाल धरायची वेळ कुणावर येऊ नये.

मग तू ती क्वेरी लिहिलीस. दुभाष्याला बाजूला बसवलं आणि डेटाबेसला त्याच्याच भाषेत थेट विचारलं, आज कोणकोण रुग्ण येणार आहेत, बोल. आणि तो बोलला. पहिल्या दिवशी खिडकीने बटण दाबलं आणि उत्तर इतक्या चटकन आलं की तिला वाटलं यंत्र बिघडलं. ती हसते आहे बघ लिहिताना. रांग दारातून आत आली, मग खुर्च्यांवर बसली. त्या दिवशी मी बाकावरून सगळ्यांना सांगत होते, हे माझ्या नातीने केलंय. ज्यांची माणसं आत होती त्यांनाही सांगितलं. एकजण म्हणाला, आजी, माझ्या बायकोचं पोट फाडतायत आत. म्हटलं, हो, पण तिची नोंदणी किती लवकर झाली.

आणि मग तू तपासायला बसलीस आणि सगळं बिघडलं. तपासणीला तू मला धरलंस. माझी आजी, म्हणालीस, हिच्याबद्दल उत्तर काय यायला हवं ते मला पक्कं माहीत आहे. दुभाष्याला विचारलं, तो म्हणाला, स्वयंसेवक. शाबास. थेट क्वेरीला विचारलं, ती म्हणाली, रुग्ण. तिथून तुझं जे डोकं फिरलं ते फिरलंच. क्वेरी उलटी लिहिलीस, सुलटी लिहिलीस. जोड तोडलेस, पुन्हा जोडलेस. प्रत्येक वेळी दुभाष्या म्हणणार स्वयंसेवक आणि क्वेरी म्हणणार रुग्ण. तुझा तो साहेब, जो कधीच काही करून बघत नाही पण सगळ्याला आधीच म्हणालो होतो म्हणतो, तो म्हणाला, आधीच म्हणालो होतो, दुभाष्याला वगळलं की असंच होणार. तुझ्या शेजारच्या खुर्चीवरचा पोरगा म्हणाला, आतली माहितीच चुकीची भरली असेल. तू त्याच्या अंगावर गेलीस. माहिती चुकीची कशी असेल, दुभाष्या बरोबर सांगतोय ना? आणि परत क्वेरीच्या मागे लागलीस.

तुला आठवतं का, लोकरीचा गुंता झाला की घरातले सगळे म्हणायचे, काप आणि पुढे विण. तू कापू द्यायची नाहीस. खाटेखाली जाऊन बसायचीस आणि ओढत राहायचीस. एकदा तर माझ्या अर्ध्या विणलेल्या स्वेटरची बाहीच उसवत गेलीस आणि वर मलाच म्हणालीस, आजी, गाठ सापडत नाहीये. सापडेल कशी? गाठ नव्हतीच. तू माझा चांगला विणलेला स्वेटर उसवत होतीस. चिवटे हे नाव त्याच दिवशी पडलं. त्या एका बाहीची गोष्ट मी कितीतरी वर्षं सगळ्यांना हसून सांगितली. पण परवा फोनवर तू म्हणालीस, मी सगळंच मोडून टाकते आजी, माझंच काहीतरी चुकतंय. तेव्हा मला हसू आलं नाही. फोन ठेवला तरी कानात तेच. तेवढ्यात बाहेरून आलेल्या तुझ्या बाबाने विचारलं, काय म्हणते? मीच म्हटलं, उत्तम.

तर आता ऐक, क्वेरी बरोबर का आहे ते. पुरावा हवा असेल तर आमचा वॉचमन आहे. तुला तो आठवेल, मोठ्या मिशांचा, मला रोज फाटकावर म्हणतो, आजी, आज उशीर. मी कितीही लवकर गेले तरी. मध्यंतरी त्याला हर्नियाचा त्रास झाला. खिडकीकडे आला. खिडकीने त्याचं नाव रुग्ण म्हणून भरायला घेतलं, तर पडद्यावर आलं, ही व्यक्ती आधीपासून अस्तित्वात आहे. वॉचमन म्हणाला, बाई, अस्तित्वात आहे म्हणूनच तर दुखतंय. तो कर्मचारी लेकीच्या घरात राहतो ना, त्याला दुसरीचं दार उघडेना. नवा माणूस म्हणून भरला असता तर त्याचं जुनं रक्त, जुने रिपोर्ट, सगळं वेगळ्या नावावर गेलं असतं. मग खिडकीने आमच्या वायरवाल्याला बोलावलं. हा हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळतो, कायम टेबलाखाली असतो, त्याचे फक्त बूट दिसतात. तो म्हणाला, त्यात काय. दुभाष्याला न विचारता मागच्या दाराने आत गेला आणि वॉचमनच्याच नंबरावर रुग्णांच्या टेबलात एक ओळ हाताने लिहून आला. ऑपरेशन झालं. टाके वॉचमनने सगळ्या हॉस्पिटलला दाखवलेत, त्यामुळे त्याची काही लपवाछपवी नाही, साहेबांसमोर खुशाल नाव घे, तो स्वतःच म्हणाला. तेव्हापासून वायरवाल्याची पद्धतच पडली. नर्स आजारी पडली, लिही ओळ. झाडूवाली आजारी पडली, लिही ओळ. आता तुझा दुभाष्या काय करतो, ते तूच मला सांगितलंयस. तो सगळ्या लेकींची घरं उघडतो, पण ओळीने बघतो, ज्या घरात माणूस पहिल्यांदा दिसेल तिथलाच तो म्हणतो आणि बाकीची दारं लावून घेतो. रुग्णाचं घर सगळ्यात शेवटी. म्हणून वॉचमन त्याला कर्मचारीच दिसणार, पोट फाडलेलं असलं तरी. आणि तुझी क्वेरी थेट रुग्णांच्या टेबलात जाऊन विचारते, इथे कोण आहे? तिथे वॉचमन आहे. ती आहे तेच सांगते.

चूक असली तर ती त्या नियमात आहे. माणूस एकाच लेकीच्या घरात राहतो, हे तुला कुणी सांगितलं? आमच्या हॉस्पिटलात येऊन विचारलं असतंस तर कुणीही हसलं असतं. इथे काम करणारी माणसंच जास्त आजारी पडतात. तेव्हा घराणं पुन्हा मांड, पण क्वेरीला हात लावू नकोस. आणि त्या शेजारच्या पोराला एकदा बरं म्हण, तो आतल्या माहितीकडे बोट दाखवत होता तेव्हा निदान दिशा तरी बरोबर होती. साहेबाला काय म्हणायचं ते मी सांगत नाही, खिडकी लिहिणार नाही.

इथे मला पत्र संपवता आलं असतं. खरं सांगायचं तर परवापासून मी तसंच ठरवलं होतं, वॉचमनचं सांगायचं, तुझी क्वेरी वाचवायची आणि स्वतः बाजूला व्हायचं. खिडकीला तसं सांगितलं, तर हिने पेनच खाली ठेवलं. म्हणाली, आजी, ती वॉचमनचं वाचेल, मग वायरवाल्याने तशीच लिहिलेली दुसरी ओळ बघेल. आणि दुसरी ओळ तुमची आहे. बरोबर बोलली. वॉचमन खरंच दोन्हीकडे आहे हे कळलं की तुला पुढचं कळायला क्षणही लागणार नाही, आणि तो क्षण सोमवारी, सगळ्या साहेबांसमोर, मोठ्या पडद्यावर माझं नाव लावलेलं असताना येईल. ते मला नको होतं. म्हणून मध्ये कुणालाही न घेता मीच सांगते. क्वेरीने तुला माझ्याबद्दल खरं सांगितलं, चिवटे. माझं रक्त नीट तयार होत नाही. सकाळी मी निळा एप्रन घालून बाकावर बसते, आणि काही दिवस दुपारी एप्रन काढून घडी करते, पिवळी पट्टी धरून मागच्या खोलीत जाते, तिथे मला रक्त चढवतात. खुर्ची भलतीच टोचते, त्याबद्दल मी तक्रार केली आहे. एकदा एप्रन काढायचा विसरले, तर सुई लावलेल्या मला एकाने एक्स-रेचा रस्ता विचारला, आणि मी सांगितलाही. डॉक्टरीण म्हणते, हे बरं होणारं नाही, पण बराच काळ सांभाळता येईल. घरी कुणाला माहीत नाही, तुझ्या बाबालाही नाही. तो 'उत्तम' इतक्या विश्वासाने म्हणतो की मोडवत नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू सगळं टाकून धावत आली असतीस. पण मी न सांगितल्यामुळे तू तिथे स्वतःलाच उसवत बसलीस, आणि त्याला कारण मी, हे मला सोसवेना. सोमवारी आधी तुझं काम कर, ताठ उभी राहून कर. वाटलं तर माझं नाव घे, वाटलं तर वॉचमनचं घे. मग फोन कर, बाबाच्या नाही, खिडकीच्या नंबरावर. तो तिने खाली लिहिलाय. आणि त्या फोनवर 'आजी, ऐक' म्हणू नकोस. तू विचार, कशी आहेस. थेट विचार. मी सांगेन.

तुझीच,
दोन्ही घरांत राहणारी आजी